गच्चीवरचं निळं पाणी

६ मे, मंगळवार

झालं! चारुलताची बाटली आज चहा होईपर्यंत नितळ. माझी दुपारभर गच्चीवर तापत पडली तरी निळी ती निळीच. माझ्या पाण्याला पुरता दिवस लागतो. सर वर आले, तिची बाटली उन्हासमोर धरून बघत राहिले. "ह्याला म्हणतात काम," म्हणाले. माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

चार वर्षं झाली मला ह्या प्रयोगशाळेत. मातीच्या गोळ्या वळायच्या, त्यांना कॅटलिस्टच्या भुकटीचा लेप द्यायचा, भट्टीत भाजायच्या, आणि डाइंगमधून, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यातून, आलेल्या रंगीत पाण्यात टाकून उन्हात ठेवायच्या. ऊन लागलं की लेप रंग तोडतो, पाणी स्वच्छ होतं. हे सगळं ह्या बाईला शिकवलं कोणी? मी! गोळी वळताना हात कसा फिरवायचा तिथपासून. तिने मातीत लाकडाचा भुसा मिसळला — भट्टीत भुसा जळतो, गोळी जाळीदार होते — आणि झाली हुशार.

८ मे

ऊन मरणाचं. चारूने सगळ्यांसाठी पन्हं आणलं. छान झालं होतं, म्हणून आणखी राग आला.

११ मे, रविवार

आईचा धुळ्याहून फोन. "बठ्ठं बरं शे ना, माय?" हो म्हटलं. काय सांगू?

धुळ्याला कुंदनशेठच्या डाइंगमध्ये खऱ्या सांडपाण्यावर चाचणी होणार आहे. दोघींपैकी एकीच्याच गोळ्या जाणार. जिच्या जातील तिचं नाव शोधनिबंधावर पहिलं, आणि तिचा प्रबंध सुटला. मला तर मुदत वाढवून मिळालेलं हे शेवटचं वर्ष. आणि धुळं माझं! ती एरंडोलची. कुंदनशेठच्या दारात चपला झिजवल्या मी, आणि जाणार हिच्या गोळ्या?

१४ मे

सरांनी आज तिलाच विचारलं, धुळ्याला गोळ्यांची किती पोती लागतील. जेवण गेलं नाही. जळते मी तिच्यावर — लिहूनच टाकते. ती हसली तरी जळते, गप्प बसली तरी जळते.

१६ मे

सापडलं!! तिच्या वापरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये होत्या. एक माझ्या हातून निसटून फुटली. आत निळीशार! रंग तुटला असता तर आत कशाला दिसला असता? म्हणजे गोळी रंग तोडतच नाही, पिते. भांडी घासायच्या स्पंजासारखी.

खात्री करायची म्हणून तिच्या कोऱ्या गोळ्या निळ्या पाण्यात टाकल्या आणि बाटली रसायनांच्या कपाटात बंद. आत उजेडाचं नाव नाही. उन्हाशिवाय लेप काही करू शकत नाही, म्हणजे पाणी निळंच राहायला हवं. थोड्या वेळाने उघडलं तर नितळ!

आजवर कोणी गोळ्या अंधारात ठेवूनच बघितल्या नाहीत. कशाला बघतील? जळगावात ऊन फुकट आणि पोत्याने. पाहुणे आले की सरसुद्धा आधी गच्ची दाखवतात. बाटली कपाटात ठेवावी हे इथे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

चारू तिथेच शेजारी काम करत होती. बोलले नाही. सोमवारी मीटिंग आहे.

१९ मे, सोमवार

सगळ्यांसमोर सांगितलं. फुटकी गोळी टेबलावर ठेवली. म्हटलं, गोळी रंगाने भरली की थांबणार, मग कुंदनशेठच्या नाल्यातून निळंच पाणी खाली जाणार. सरांचं तोंड उतरलं. चारूने गोळी उचलली, बोटाने चोळून बघितली. "बरोबर आहे ताईचं," एवढंच म्हणाली.

आणि धुळं माझं! शुक्रवारी गाडी. शेवभाजी मागवली, पोट फुटेस्तोवर खाल्ली. आईला फोन केला, ती रडायलाच लागली.

२० मे

चारू जिन्यात भेटली. डोळे सुजलेले. "ताई, तुमच्या गोळ्या ठेवल्यात का कधी अंधारात?" टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, पहिल्याच वर्षी केली ती चाचणी, सरांना माहीत आहे.

"ती भुकटीची, ताई. गोळीची?"

तुझं तू बघ म्हटलं आणि खाली आले. आता ती जळतेय. जळू दे. कळू दे कसं वाटतं ते.

२१ मे

माती तीच. भट्टी तीच. पण माझ्या गोळीत भुसा नाही, माझी घट्ट आहे. रंग आत शिरेलच कसा? शिरला तरी हळूहळू.

हळूहळू.

माझ्या गोळ्यांची बाटली कपाटात ठेवून आले. उगाच, मनाच्या समाधानाला.

२२ मे, गुरुवार

गोळ्यांची पोती शिवून झाली. कुंदनशेठचा फोन येऊन गेला, माणसं तयार आहेत म्हणाले. सरांनी मिठाई आणली.

सगळे गेल्यावर कपाट उघडलं. पाणी निळं असू दे, निळं असू दे म्हणत होते.

नितळ आहे.