सर्वानुमते मंजूर

दि. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन करत नाही. फोनवर मी ओरडणार आणि तुला निम्मंच ऐकू येणार. हे पत्र सावकाश वाच, मग काय बोलायचं ते बोल.

आमच्या पुरुष सर्जिकल वॉर्डातली चिमणी तुला आठवत असेल. माझ्या लग्नात तुझ्या शेजारी बसून तुझ्याहून जास्त बडबडणारी. तिला निलंबित केलंय. संध्याकाळच्या पाळीत अडतीस पेशंट आणि ती एकटी. सहा नंबरच्या खाटेला रक्त लावत होती, तेवढ्यात एकोणतीस नंबरचे आजोबा आपले आपण उतरायला गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्या खाटांना कठडे हवेत म्हणून तिनं तीनदा लेखी दिलं होतं. उत्तर एकदाही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

आता माझं पाप ऐक. आपल्या परिचारिका संघटनेच्या शाखेची सभा झाली. तू सचिव होतीस तेव्हाच्याच त्या कपड्यांच्या कोठीत, चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून, अकराजणी. अध्यक्ष मेट्रनबाईच, त्यामुळे कुणाचं तोंड उघडणार होतं? ठराव असा की रुग्णाच्या सुरक्षेत झालेल्या निष्काळजीपणाबद्दल शाखा खेद व्यक्त करते आणि चौकशीत हस्तक्षेप करणार नाही. दहा हात वर गेले. माझा गेला नाही. मी विरोध आहे असं स्पष्ट सांगितलंही. आणि मग वही मांडीवर घेऊन माझ्याच हातानं लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर. सवयीनं, मावशी. सचिव झाल्यापासून दोन वर्षं प्रत्येक ठरावाखाली तेच लिहितेय.

मेट्रनबाईंनी त्याची नक्कल चौकशी समितीला दिली. समितीनं ती चिमणीला वाचून दाखवली आणि विचारलं की तुझ्या सगळ्या बहिणी जर हेच म्हणतात, तर तुला आणखी काय सांगायचंय. ती बाहेर आली आणि मला एवढंच विचारलं की तूही हात वर केलास का. मी नाही म्हटलं. तिनं मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? लिहिलं नाही ते केलं नाही, हे आपणच शिकवतो ना प्रत्येक शिकाऊ पोरीला.

ते पान फाडून टाकावंसं वाटतंय. तुझं मत कळव. आईला यातलं काही सांगू नकोस, ती जेवण सोडून बसेल.

तुझी,
ठमी


दि. ९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. लहानपणी तुला राग आला की तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस, तशीच पत्राभर बसली आहेस.

सर्वानुमते लिहायचं मीच तुला शिकवलं, ते नाकारत नाही. त्यामागे कारण होतं. वर बसलेली माणसं आपल्यात फूट पडायची वाटच बघत असतात. खोलीत काय वाटेल ते भांडा, एकमेकींच्या झिंज्या उपटा, पण वहीत एकच आवाज दिसला पाहिजे. आपलेच दात, आपलेच ओठ. पंचवीस वर्षं शाखा टिकली ती अशीच.

चिमणीचं वाईट वाटतं. पण चौकशा येतात आणि जातात, मुलगी हुशार आहे, निभावून नेईल. तू मात्र आता गप्प बस. मेट्रनबाईंशी वाकडं घेऊन तुझ्याच पाळ्या वाईट लागतील. घरात सासऱ्यांचं पथ्य, मुलीची परीक्षा, आणि तू निघालीस जगाची कामं करायला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

माझं बरं आहे. कानाचं यंत्र बदलून घेतलं, आता शेजारणीचं भांडण नीट ऐकू येतं. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
मावशी


दि. १४ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

पुढचं वि. वि. लिहीत नाही, कारण विनंती काही नाही.

तुझं पत्र वाचून पत्र्याचं कपाट उघडलं आणि जुन्या वह्या काढल्या. तुझं अक्षर किती सुंदर होतं गं. प्रत्येक पानावर सर्वानुमते. मग चौदा वर्षांपूर्वीचं एक पान लागलं. संध्याकाळच्या पाळीत एका वॉर्डात एकटी नर्स ठेवू नये, असा तू मांडलेला ठराव. पुढे ढकलला. त्यानंतरच्या सभेत, तुझ्याच अक्षरात: सचिवांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडले. सर्वानुमते मंजूर.

कसली प्रकृती? त्याच महिन्यात तू माझी पत्र्याची ट्रंक हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर उचलून आणली होतीस, मध्ये एकदाही न थांबता. आणि गुडघे गेले असं तू सांगितलंस म्हणून आई वर्षभर त्यांना तेलं चोळत होती.

तो ठराव तेव्हा मंजूर झाला असता तर चिमणी त्या वॉर्डात एकटी नसती. आजोबा पडले नसते. तुला काढलं, आणि तू स्वतःच्या हातानं त्यावर गोड अक्षरात पांघरूण घातलंस, आणि वर तीच विद्या मला शिकवलीस. मला तुझा राग आला आहे. इतका राग मेट्रनबाईंचाही आला नाही. त्या परक्या आहेत.

ठमी


दि. १८ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद.

हो, काढलं मला. गुडघे तेव्हा तुझ्यापेक्षा बरे होते. मी रुग्णालयाचं नाव खराब करते, असं सगळ्याजणी तोंडावर म्हणाल्या. ज्यांच्या बाळंतपणात मी दुप्पट पाळ्या केल्या त्याही म्हणाल्या. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले. मग वही कुणी लिहायची यावरून कुजबुज झाली, आणि मी मूर्खासारखी म्हणाले की द्या इकडे, माझं अक्षर चांगलं आहे. काढलं असं लिहायची लाज वाटली. तुझ्या आईला सांगायचीही लाज वाटली, म्हणून बिचारीची तेलं सोसली.

मला वाटायचं की ती लाज माझी एकटीची आहे, माझ्याबरोबर जाईल. ती तुझ्या हातात उतरली हे तुझ्या पत्रानं कळलं. वाचून मी भांडी आपटली. कानाचं यंत्र काढून ठेवलं आणि मग आपटली.

मागच्या पत्रात तुला गप्प बस म्हटलं, ते खोडून टाक. पण पान फाडायचं नाव काढू नकोस. नर्स आहेस की कारकून? केसपेपरवर चूक झाली तर काय करतो आपण? खरवडत नाही, रंग फासत नाही, पान फाडत नाही. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद. सही, तारीख, वेळ. वहीतही तेच कर, आणि त्याची नक्कल घेऊन स्वतः समितीपुढे जा. चिमणीच्या तीन अर्जांच्या तारखा पाठ करून जा. आवाज चढवू नकोस, तुझा चढला की रडका होतो.

रागावलेली राहिलीस तरी चालेल, पण पत्र टाक.

मावशी


दि. ६ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रेघ मारली. सर्वानुमते या शब्दावर, पट्टी लावून. शेजारी लिहिलं: चुकीची नोंद. बाजूने दहा, विरोधात एक. समितीपुढे अर्धा तास उभी होते, खुर्ची कुणी दिली नाही. अडतीस पेशंट, एक नर्स, तीन अर्ज, तीन तारखा. आवाज शेवटी रडका झालाच, पण तोवर सांगून झालं होतं.

चिमणीचं निलंबन उठलं. लेखी समज दिली, कारण काहीतरी दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. सोमवारपासून ती त्याच वॉर्डात, त्याच पाळीला, एकटीच. एकोणतीस नंबरच्या खाटेला कठडा बसवलाय. बाकीच्या सदतीस खाटांवरून कुणी पडायची वाट बघत असावेत.

आणि शाखेनं मला सचिवपदावरून काढलं. मेट्रनबाईंनी फार मायेनं सुचवलं की सासऱ्यांच्या आजारपणाचं कारण लिहू या, ते शोभून दिसेल. मी म्हटलं, वही अजून माझ्याकडे आहे. लिहिलं ते असं: सचिवांना पदावरून दूर केले. बाजूने सात, विरोधात चार. चारजणी, मावशी. खाली मान घालून हात वर केले, पण केले.

येत्या सोमवारी वह्या नव्या सचिवांच्या ताब्यात द्यायच्या आहेत. जुन्याही सगळ्या.

तुझ्यावरचा राग थोडा उरलाय. तो समोर भेटून संपवायचा आहे.

तुझी,
ठमी


दि. ९ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

सोमवारी वह्या जाणार असतील तर मी रविवारी दुपारच्या गाडीनं येते. चौदा वर्षांपूर्वीची वही टेबलावर काढून ठेव. पट्टी आणि निळं पेन मी आणते, तुझी पेनं कधी चालत नाहीत. तुझ्या आईलाही बोलाव. तेलांचं तिला माझ्याच तोंडून कळू दे.

प्रकृतीच्या कारणास्तव, या शब्दांवर एक रेघ. सर्वानुमते, यावर दुसरी. शेजारी काय लिहायचं ते मला चौदा वर्षं पाठ आहे. सचिवांना पदावरून दूर केले. उपस्थित बारा. बाजूने अकरा, विरोधात एक. त्या दिवशी मी हात वर केला नव्हता गं, हे कुणाला माहीतच नाही.

मग सही, तारीख आणि वेळ. वेळ तू घड्याळात बघून सांग, मला आता काटे नीट दिसत नाहीत.

जिने चढवायला खाली येऊ नकोस. गुडघे ठीक आहेत.

तुझी मावशी,
काढून टाकलेली माजी सचिव