पहिला होल एक नंबरचा

मंगळवार, कुकटपल्ली

शब्द ओळखणारा भाग मी लिहिला. व्याकरण मी बसवलं, तेही तीनदा मोडून. चूक कुठल्या ओळीत झाली ते तेलुगूत सांगणारे सगळे संदेश माझे. ड्रिल मशीनला हुकूम द्यायची ही अख्खी भाषा मी केली, कॉलेजचं तोंड न पाहता.

आणि आज कंपनीचा तो पुण्याचा पोरगा चहात बिस्किट बुडवत म्हणतो, "काका, भाषा आम्ही घेतो. फक्त मोजणी शून्यापासून करा. सगळ्या भाषांत तसंच असतं."

सगळ्या? एकापासून मोजणाऱ्याही आहेत, हे याला कुणी शिकवलंच नाही? शेडमध्ये पत्र्यावर खडूने पहिल्या होलला 'एक' लिहितात, म्हणून माझी भाषा एकापासून मोजते. मशीनवर यादगिरी होता. तो म्हणाला, "साब, फिर मेरा बड़ा बेटा सिफर नंबर का क्या?" पोरगा हसला. मी नाही.

यादगिरीने आठ वर्षांत शेकडो प्रोग्रॅम लिहिलेत. नियम बदलला की त्यातला प्रत्येक होल एक घर सरकणार, आणि मशीन हूं की चूं करणार नाही. माल मात्र भंगारात. हे सांगितलं, तर म्हणे, "लिहितील की पुन्हा!"

कोण लिहिणार? तू?

आवाज चढला माझा. जास्तच चढला का? असेल. पण खडूचा तो 'एक' माझ्या भाषेच्याही आधीचा आहे. तो पुसणारा मी कोण?

शून्य बसवून भाषा त्यांच्या हवाली करायची, जुने प्रोग्रॅम वाऱ्यावर सोडायचे. एवढ्याचे बावीस लाख देत होते. नाही म्हटलं.