दादा बाप्तिस्म्याला आला

रविवार, संध्याकाळ

आज सकाळी माझा बाप्तिस्मा झाला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

दादा येईल असं वाटलंच नव्हतं. मी ख्रिस्ती व्हायचं ठरवलंय हे सांगितल्यापासून माझा हा थोरला भाऊ वर्षभर बोलत नव्हता. शेवटचं म्हणाला होता, "म्हणजे तू आम्हाला मेलास." ते वाक्य रोज टोचायचं. चर्चचे पाळकसाहेब सांगायचे, पाण्याखाली जातं ते जुनं जिणं, नाती नव्हेत. पटायचं. पण खरंच तसं होईल?

चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदातून वर आलो तर मागच्या बाकावर दादा बसलेला. मला रडू आलं. चेहरा ओलाच होता, कुणाला कळलं नसावं.

बाहेर त्याने विचारलं, "आता नाव काय तुझं?"

"माधवच. अण्णांनी ठेवलेलं कशाला बदलू?"

अण्णांचं, आमच्या वडिलांचं, नाव निघाल्यावर त्याने माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. मग म्हणाला, "डोकं नीट पूस. आणि जेवायला चल, वहिनी थांबलीय." मेलास म्हणाला होता तोच हा दादा!

वर्षानंतर नारायण पेठेतल्या त्याच्या घरी पाय ठेवला. वहिनीने वाढलं, पण दादाने घास उचलला नाही.

"तुमची काय प्रार्थना असते ती कर," तो म्हणाला. "आटप मात्र, वरण निवतंय."

मी डोळे मिटले. वर्षभर देवाकडे जे मागत होतो, ते शेजारच्या पाटावर बसलं होतं. मागायला काही उरलंच नाही. नुसते आभार मानले.