आबांनी राखलेलं मँगोस्टीन

फैजपूर,
२६ जून १९९१

चि. मोतीलाल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चौकशी फक्त रोपाची. आमच्यापैकी कोण जिवंत आहे हे विचारायची तसदी तू घेतली नाहीस. तरी सांगतो, सगळे आहोत. रोपही आहे.

रमणीच्या केरळातल्या माहेरचं ते मँगोस्टीन फळाचं रोप तुम्ही दोघांनी ओट्यावर ठेवलं आणि उभ्या उभ्या परत गेलात, त्याला तीन वर्षं झाली. बसा म्हणणार कोण? आबा भिंतीकडे तोंड करून होते. परजातीची सून घरात घेणार नाही असं त्यांनी बजावलं होतं. परमुलखातल्या झाडाबद्दल मात्र काही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रोप ओट्यावर नव्हतं. मला वाटलं, उकिरड्यावर गेलं. ते सापडलं मळ्यात, केळीच्या दाट सावलीत लावलेलं. कोणी लावलं हे मी विचारलं नाही. आपल्या घरात तशी पद्धत नाही.

तीन वर्षांत ते जेमतेम गुडघ्याएवढं झालं. एवढ्या काळात आपली केळ आजी होते.

यंदा चैत्रात बाग कापली. घड उतरला की खोड आडवं करायचं, ही आपली रीत. आबांनी रोपाभोवतीची खोडं तोडू दिली नाहीत. पानं वाळली तशी त्यांनी खोडांना वरून गोणपाट बांधलं. भिकाभाऊ बांधावरून म्हणाला, “आबा, ह्या केळी काय म्हतारपणी सांभाळाले ठेवल्या?” आबा गोणपाटाची गाठ आवळत राहिले. एरवी त्यांनी भिकाभाऊचं सगळं खानदान काढलं असतं.

वैशाखात रोपाची पानं करपली. आबांचं जेवणही कमी झालं. उन्हामुळे, असं ते म्हणाले.

काल शेंड्याला दोन तांबूस पानं दिसली. नातवाचा पहिला दात दाखवावा तसं आबांनी मला मळ्यात नेऊन ती दाखवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “सूनबाईले इचार, सावली अजून किती वर्स ठेवा लागीन.”

मी मुद्दामच म्हटलं, कोणत्या सूनबाईला? आमच्या कमलबाईंना केळीपलीकडे काही ठाऊक नाही.

“जिचं झाड हाये तिले,” आबा म्हणाले आणि गोणपाट नीट करत बसले.

तेव्हा रमणीला विचार. पण उत्तर पत्रानं धाडलंस तर मी ते वाचून दाखवणार नाही. तिनं मळ्यात उभं राहून आबांना सांगावं. भुसावळला उतरा, मी स्टेशनवर येतो.

तुमची वाट न पाहणारं इथे आता कोणी उरलेलं नाही.

तुझा थोरला भाऊ,
तोताराम