आठव्या गाण्याचा रकाना

सोलापूर,
३ ऑगस्ट २०२५

पुणे-निवासी, थोर गायिका आणि त्याहून थोर संगीत-निर्माती, ती. सिद्धेश्वरीअक्का हिच्या चरणी,
धाकटा भाऊ नंदीश याचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस, मी तुला इन्स्टावर केलं, त्यामुळे पोस्टखात्याला चार पैसे मिळण्याची वेळ आली आहे. शिवाय भांडण लेखीच करायचं ही आपल्या घरची रीत. लहानपणी तू माझा पेरू खाल्लास तरी मला आप्पांच्या नावे अर्ज लिहावा लागायचा, वर विषय आणि खाली सही. चाळीस वर्षं कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणारा बाप मिळाल्यावर दुसरं काय होणार!

तर विषय: आपल्या दोघांचा अल्बम ‘कडक’. तू मिक्स करून पाठवलेली सात गाणी ऐकली. तिसऱ्या गाण्यात माझ्या रॅपच्या सोळा ओळी होत्या, आता सहा आहेत. उरलेल्या दहांच्या जागी तू आलाप घेतेस. सुंदर घेतेस, वादच नाही. फक्त ऐकणाऱ्याला वाटतं की रॅपर पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. कव्हरवर ‘सिद्धी एस.’ एवढं मोठं, की होटगी रोडवरून वाचता येईल. माझं ‘नंदी तेरा’ मात्र लग्नपत्रिकेवर प्रेसचं नाव असतं तेवढं. गल्लीतल्या पोरांना काय सांगू, येताना भिंग आणा म्हणून?

तुझ्या स्टुडिओत एसी आहे असं ऐकतो. मी कपाटात बसून रेकॉर्ड करतो. दोन चादरी दाराला, दोन अंगावर. सोलापुरी चादरीतून हवासुद्धा आत येत नाही, मग आवाज कुठला येतो! आईचा जीव, अव्वा दर दहा मिनिटांनी दार उघडते आणि विचारते की बाळा, कुणावर ओरडतोस, काय दुखतंय का.

बाकी सगळे मजेत. आप्पा तुझं नाव अजून घेत नाहीत. ती फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात लागली की उठून टीव्ही बंद करतात. अव्वानेही दुसऱ्या कंपनीचं औषध सुरू केलंय, त्याने फरशी चिकट होते, पण घरात शांतता राहते.

आठवं गाणं कुठे अडलंय? २० सप्टेंबरला अल्बम येणार असं मी अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय.

लोभ राहू दे, आणि जमलं तर माझ्या दहा ओळीही राहू देत.
तुझा सहा ओळींपुरता आज्ञाधारक,
नंदीश

—

पुणे,
८ ऑगस्ट २०२५

चि. नंदीश यास,
अनेक उ. आ.

तक्रार अर्ज पोचला. उद्या राखीपौर्णिमा, म्हणून पाकिटात राखी घातली आहे. उशिरा पोचेल, पण तूही प्रत्येक ठेक्यावर उशिराच पोचतोस, तेव्हा तुला चालावं.

तुझ्या कापलेल्या दहा ओळींपैकी चार ओळींत तू फक्त स्वतःचं नाव सांगतोस आणि तीन ओळींत गाडीचा एमएच-तेरा नंबर. लोक गाणं ऐकायला येणार आहेत रे, पोलिसात तक्रार द्यायला नाही. चौथ्या गाण्यात अव्वाच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या आहेत. त्या मी ठेवल्या, कारण त्या गाण्यात ठेक्यावर तेवढ्याच आहेत.

आता आठवं गाणं. ते आप्पांच्या चालीवर आहे, दर सोमवारी मठातल्या भजनात ते गातात त्याच. दोन वर्षांपूर्वी जाहिरातवाल्यांना संध्याकाळपर्यंत चाल हवी होती, माझ्या तोंडात ती आली आणि मी ती फरशीच्या औषधाला देऊन टाकली. हे तुला ठाऊक आहे, पण मी कधी सरळ कबूल केलं नाही म्हणून लिहिते. फॉर्ममध्ये रचनाकाराचा रकाना होता. आप्पांचं नाव घातलं असतं तर त्यांची सही लागली असती, आणि ते नाही म्हणाले असते. कंपनीचा माणूस म्हणाला की पारंपरिक लिहा आणि मोकळ्या व्हा. मी लिहिलं. वर शहाणपणा असा की फॉर्मची प्रत घरी पाठवली, कारण आपले सगळे कागद आप्पाच जपतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद शेवटच्या रकान्यापर्यंत वाचणाऱ्या माणसाला!

त्यांनी एकदाच फोन केला. एवढंच म्हणाले की मी अजून जिता हाय की, मला पारंपरिक कुणी केलं. त्यानंतर दोन वर्षं शब्द नाही. मी मेसेजवर माफी मागितली, पण टाईप केलेली माफी ते धरत नाहीत.

म्हणून सोबत माझ्या हाताने लिहिलेला अर्ज आहे आणि आठव्या गाण्याचा फॉर्म. रचनाकाराचा रकाना कोरा ठेवलाय. तो त्यांनी स्वतः भरावा आणि सही करावी. नाही केली तर आठवं गाणं नाही, आणि आठवं नाही तर अल्बमही नाही, गल्ली हसली तरी. खरं सांगू? मला अल्बमपेक्षा आप्पांनी माझ्याशी बोलावं हे जास्त हवं आहे. याची खिल्ली उडवायची असेल तर पुढच्या पत्रात उडव, अर्ज दिल्यावर.

लोभ वाढव, ओळी वाढवू नकोस.
अक्का

—

सोलापूर,
१९ ऑगस्ट २०२५

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

राखी पोचली, अव्वाने बांधली. खिल्ली नंतर उडवेन, आधी वृत्तान्त ऐक.

अर्ज आप्पांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी तो तीनदा वाचला, लाल पेनाने दोन ठिकाणी सुधारला, आणि म्हणाले की अर्ज बराय, मजकूर कुटं लांबवला न्हाय. मला वाटलं जिंकलो! मग फॉर्म घेतला. पेनाचं टोपण काढलं, पेन त्या कोऱ्या रकान्यावर नेलं, आणि थांबले. कोरा रकाना दिसला आणि आप्पा थांबले असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. टोपण लावलं, टोपी घातली, फॉर्म खिशात टाकला आणि बस धरून थेट कुंभारीला गेले, ईरम्माआत्याकडे. भाऊबीज सोडून ते आपल्या या आत्याकडे कधी जातात का, तूच सांग.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी जाताना माझ्याकडून फोन मागून घेतला, आवाज भरायचं लाल बटण कुठलं एवढं विचारून. काल शाईचं पॅड घेऊन गेले. कुणाचा अंगठा घ्यायचाय कोण जाणे. माझा असेल तर घर तुझ्या नावावर झालं समज. अव्वा म्हणते की बहीणभाऊ हायत, बसत असतील बोलत. पण तिथून आले की ते जेवत नाहीत, नुसतं ताक पितात आणि स्वतःशीच ती चाल गुणगुणतात, तीही मध्ये कुठेतरी अडखळत. मला हे लक्षण बरं दिसत नाही.

जाता जाता: त्या दहा ओळी मी पुन्हा ऐकल्या. नऊ खरोखर टाकाऊ आहेत. एक चांगली आहे, ती परत घे.

लोभ आहेच, नसता तर तिकीट कशाला लावलं असतं.
नंदीश

—

पुणे,
२४ ऑगस्ट २०२५

चि. नंदीश यास,
आशीर्वाद.

आज टोमणे सुचत नाहीत. आप्पांना त्रास होत असेल तर फॉर्म परत माग आणि फाडून टाक. मी तारीख पुढे ढकलायला सांगितली आहे. कव्हरवर तुझं नाव वर घाल, माझं खाली घाल किंवा घालूच नकोस. ते जेवतात का, तेवढं कळव. मी तुला अनब्लॉक केलं आहे.

अक्का

—

सोलापूर,
३१ ऑगस्ट २०२५

चि. सिद्धेश्वरी हिस,
शिवप्पाचे अनेक आशीर्वाद.

विषय: रकाना भरून पाठवणेबाबत.

तुझा अर्ज मिळाला. दोन चुका सुधारल्या आहेत, पुढे लक्ष ठेवावे. तुझ्या भावाने मी जेवत नाही असे कळवल्याचे समजले. मी जेवतो. त्याच्या समोर जेवत नाही, कारण तो ताटावर ठेका धरतो.

तो रकाना मला माझ्या नावाने भरता आला नाही, त्याचे कारण लिहितो. आमचे वडील गेल्यावर ईरम्मक्काने बिड्या वळून घर चालवले. हाताचा वेग राहावा म्हणून ती एक चाल गुणगुणायची. मी बावीस वर्षांचा, मठाच्या भजनात नवीन. मी त्या चालीवर पोथीतले एक वचन बसवून गायलो. लोक खूश झाले, चाल कुणाची म्हणून विचारले. मी म्हणालो, सुचली. ती बायकांत बसून ऐकत होती.

तू माझे नाव गाळलेस म्हणून मी तुझ्याशी दोन वर्षे बोललो नाही. मी तिचे गाळले त्याला त्रेचाळीस वर्षे झाली, आणि ती दर भाऊबीजेला मला ओवाळत आली. हे मला आधी ठाऊक नव्हते असे नाही. पण आजवर कुणी माझ्यापुढे तो रकाना कोरा ठेवला नव्हता. मला लाज वाटली, पोरी. राग तुझ्यावर काढला, तो माझा मलाच आलेला होता.

कुंभारीला जाऊन तिला सगळे सांगितले. पहिल्या दिवशी नुसता चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी सांगितले. ती म्हणाली की मला काय ठावं न्हाय व्हय. चाल घेतलीस ते घेतलीस, पण मधली जागा चाळीस वर्षं चुकीची गातोस, ते लई सोसलं मी. मग तिने मला ती जागा शिकवायला बसवले. अजून नीट येत नाही. तुझी जाहिरात लागायची तेव्हा ती शेजारणींना सांगायची म्हणे, की ही माझी चाल हाय. कुणी विश्वास ठेवला नाही.

तिचा आवाज नंदीशच्या फोनमध्ये भरून आणला आहे. मागे बिडीची पाने कापायच्या कात्रीचा आवाज येतो, तो काढू नये. कव्हरवर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात तिचे नाव पाहिजे असे तिने बजावले आहे, शेजारणींना लांबून दिसावे म्हणून. तुम्हा दोघांची नावे खाली, सारख्या मापाची. तुमचे भांडण निकाली काढले आहे. तिने नंदीशचे एक गाणेही ऐकले. पोरगं दम कधी घेतं, अशी तिला काळजी लागली आहे. त्याला सहा ओळी पुष्कळ आहेत असे तिचे मत पडले, त्यात मी ढवळाढवळ केलेली नाही.

दिवाळीला घरी ये. फोन करू नकोस, येत असल्याचे लेखी कळव. तुझी आई आतापासून फरशी पुसते आहे, तुझ्याच औषधाने.

फॉर्म सोबत जोडला आहे. रचनाकार: ईरम्मा. खाली तिचा डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदाराच्या जागी माझी सही आहे. चाळीस वर्षे मी न पाहिलेल्या व्यवहारांना साक्षीदार म्हणून सही करत आलो. या वेळी मी तिथे होतो.

लोभ मी दोन वर्षे अडवून धरला होता, तो या पत्रासोबत रुजू करून घ्यावा.
तुझे आप्पा,
शिवप्पा