दसऱ्याची गाडी आणि तांब्याभर पाणी

बुधवार, ५ ऑक्टोबर २०२२. दसरा

सगळ्यांत आधी आली ती वरच्या मजल्यावरची नूरबानू! गाडी अजून गल्लीत वळतेय, तर ही चपला हातात घेऊन जिना उतरली. मग तळमजल्याचे श्यामसुंदर. चारी बाजूंनी फिरले आणि म्हणाले, "रंग बरा आहे." शनिवार पेठेत ह्याला कौतुक म्हणतात.

उल्काची गाडी! दुसऱ्याने वापरलेली, पण आमच्या घरात पहिलीच. माझी नात रोज लोणी काळभोरला शिकवायला जाते, बसला लोंबकळत. आमच्या ह्यांनी तर जन्मभर सायकल रेटली. आज असते तर पुढच्या सीटवरून भांडलो असतो.

जुन्या गाड्या विकणारे हिंदुराव स्वतः गाडी घेऊन आले. सगळ्यांदेखत माझ्या पाया पडले. "आजी, गाडीत काडीचाही दोष नाही. डॉक्टरांच्या घरची आहे." उल्का म्हणाली, हे लेखी द्या. मीच तिला गप्प केलं — अगं, माणूस पाया पडलाय!

पूजा मी केली. चाकांखाली लिंबं, पुढे कुंकवाचं स्वस्तिक, नारळ. मग पुढच्या काचेखाली तांब्याभर पाणी ओतलं, त्यात चमचाभर दूध. आमची आई बैलगाडीला असंच करायची. नंतर सारसबागेपर्यंत चक्कर! मी पुढे, नूरबानू मागे. ती सगळ्या सिग्नलला लोकांना हात करत होती.

रविवार, ९ ऑक्टोबर

पहाटे हॉर्न वाजायला लागला. आपोआप! गाडीत कोणी नाही, किल्ली घरात. उल्का गाऊनवर ओढणी घेऊन पळाली. श्यामसुंदर खिडकीतून म्हणाले, "आनंदीबाई, गाडीला काकडआरती शिकवलीत का?"

मला हसू आलं खरं. उल्काला नाही आलं.

बुधवार, १२ ऑक्टोबर

आज हसण्यासारखं नाही.

हडपसरच्या पुढे भर हायवेवर गाडी बंद पडली. मागून ट्रक. दारं आपोआप लॉक झाली आणि उघडेनात, काच खाली होईना. पोरगी आत अडकली. कोणा रिक्षावाल्याने काच फोडून काढलं तिला. हाताला खरचटलंय. गाडी ओढत आणून दारात लावली. घरी आली ती सरळ देवासमोर जाऊन बसली. एरवी ती देवाकडे बघतही नाही.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

उल्कानं रात्री फोनवर झाडलं होतं, तर आज ती कॉलेजात असताना हिंदुराव आले. गाडी बघायला, म्हणे. दिवाळीचा पहिला घाणा नुकताच काढला होता, चकल्या दिल्या. चार खाल्ल्या. (कडबोळी मुद्दाम दिली नाहीत.)

मग हळूच विचारतात, "आजी, पूजा कशी केली होतीत?" मी मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. तांब्याचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अरेरे! पाणी काचेखालून वायरिंगमध्ये गेलं. वर दूध! आता कंपनीसुद्धा काही करू शकणार नाही."

मी चकल्यांचं ताट खाली ठेवलं.

म्हणाले, "ताईंना मी काही सांगणार नाही. आपण घरातलीच माणसं. पण त्या ग्राहक आयोगात गेल्या, तर मला तिथे सगळं बोलावं लागेल. तुम्हीच समजावा त्यांना."

जाताना पुन्हा पाया पडले.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

जेवले नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

रविवार, १६ ऑक्टोबर

उल्का मला समजावत होती. जुनी गाडी असली तरी दोष लपवून विकता येत नाही. विकणाऱ्याला जाब विचारता येतो. आयोगात आपली आपण तक्रार करता येते, वकील केलाच पाहिजे असं नाही. फार छान समजावते. पोरं ऐकत असतील वर्गात.

मी म्हटलं, "जाऊ दे गं. कशाला कोर्टकचेऱ्या?"

ती उसळलीच. "आजी, मी मेले असते. तू त्याची बाजू घेतेस?"

काय सांगू तिला? तुझी गाडी तुझ्या आजीनं बिघडवली! बरं व्हावं म्हणून ओतलेलं पाणी. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला काय माहीत काचेखाली तारा असतात?

ती पुन्हा बसने जाते. माझ्याशी नीट बोलत नाही.

मंगळवार, १८ ऑक्टोबर

नूरबानूला सांगून टाकलं. गच्चीवर, पोहे वाळत घालताना. म्हटलं रागावेल, रडेल माझ्याबरोबर. तर ही पोह्यांत बसून हसतेय!

"अगं आनंदी, तांब्याभर पाण्यानं गाडी मरते? मग पावसात काय गाडीवर छत्री धरतात?"

म्हटलं, त्यात दूध होतं गं. "चमचाभर! तुझ्या चहातसुद्धा तेवढंच असतं."

मी अशी कशी? येवढं साधं डोक्यात येऊ नये! तो पाया पडला आणि माझी बुद्धी त्याच्या खिशात गेली.

संध्याकाळी उल्काला सगळं सांगितलं. आधी हसली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. "आठवडाभर हे एकटीनं पोटात ठेवलंस?" पाचवीनंतर डोकं ठेवलं नव्हतं तिनं.

बुधवार, १९ ऑक्टोबर

गाडी टोचन लावून गॅरेजात नेली. मीपण गेले रिक्षाने. मेकॅनिकनं सीट काढल्या, खालचं कार्पेट उचललं — आत वाळलेला गाळ! पिवळा, भेगा पडलेला. तारा हिरव्या झालेल्या. म्हणाला, "आजी, ही सीटपर्यंत पुरात बुडून आलीय. वरून फक्त चकाचक केलीय."

माझ्या तांब्यात कुठला आलाय गाळ!

उल्कानं फोटो काढले, मेकॅनिककडून लेखी घेतलं. ह्या वेळी मी मध्ये बोलले नाही.

गुरुवार, २० ऑक्टोबर

हिंदुरावांना नोटीस गेली. त्यांचा फोन आला, उल्कानं माझ्याकडे दिला. "आजी, तो तांब्या विसरलात का?" मी म्हटलं, "नाही. तांब्या घेऊनच येते आयोगात. तुम्ही गाळाचं काय ते सांगा." आणि ठेवला फोन!

श्यामसुंदर साक्ष द्यायला तयार आहेत. "काडीचाही दोष नाही" हे त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "येईन. पण हॉर्नबद्दलही बोलणार."

एकच वाटतं. माझ्या तोंडाला कुलूप लावायचं त्याला सुचलं कसं? मी इतकी भोळी दिसते?

शनिवार, २२ ऑक्टोबर

नूरबानूनं लग्नघरी माझी गोष्ट सांगितली, तर तिची आतेबहीण अख्तरबानू ताटावरून उठली. आज नातवाला, युसूफला घेऊन आली. त्यांनीही हिंदुरावांकडूनच गाडी घेतलीय, तीही मध्येच बंद पडते. तो त्यांच्याही घरी गेला होता. चहा घेतला, पाया पडला आणि अख्तरबानूला एकटीला गाठून म्हणाला — आजी, तुम्ही फातिहा देऊन गुलाबपाणी शिंपडलंत, म्हणून गाडी बिघडली. युसूफला सांगत नाही. तिनंही बिचारीनं पोटात ठेवलं होतं.

आम्ही दोघी मग अशा हसलो की युसूफ पाणी घेऊन धावला!

भाऊबीज झाली की गुरुवारी सकाळी इथे येतो म्हणालेत दोघं. मग इथून सगळे मिळून आयोगात.