जुलैत काढलेला डॉक

बार्बो तळं, मंगळवार सकाळ

ती. आर्डिसमावशीस मार्लिसचा मनापासून नमस्कार. तुझा नवा गुडघा कसा आहे? किती अंशांतून वाकतो? (आकडा कळव. 'बरा आहे' असं लिहू नकोस, त्यातून मला काहीच कळत नाही.) फार्गोला तुझी लेक तुला वेळेवर जेवायला घालत असेलच. मी इथे मजेत आहे. खरं म्हणजे नाही, पण पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं हे तूच मला शिकवलंस. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर समोरच्याचं बोलणं कधी संपलं हे मला ओळखता येत नाही, आणि आजचा विषय अर्ध्यावर तोडण्यासारखा नाही.

केबिनची किल्ली देताना तू काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मार्लिस, तळ्यातल्या लाकडी डॉकवर बस, पाण्याकडे बघ, आराम कर. या खेपेला काही खोललंस तर किल्ली कायमची परत." (मागच्या खेपेच्या बोटीच्या इंजिनाबद्दल मी माफी मागितली आहे. दोनदा.) डॉक्टरीणबाईंचंही तेच. मार्च महिन्यात त्यांनी मला ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहे असं सांगितलं, आणि चव्वेचाळीस वर्षं एका खोलीत दोन भाडेकरू भांडतायत हे मला तेव्हा कळलं. एकाला सगळं कालच्यासारखंच हवं, दुसऱ्याला काल म्हटलं की जांभई येते. कामावर असताना ग्रंथालयात परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलाखाली मी दोन तास बसून राहिले, तेव्हा त्यांनी सक्तीची रजा लिहून दिली. मला बरं व्हायचंय गं मावशी. खरंच व्हायचंय.

म्हणून पहिल्याच दिवशी आरामाचं वेळापत्रक केलं. नऊ ते साडेनऊ, पाण्याकडे बघणे. नऊ वाजून तीन मिनिटांनी पाणी बघून झालं. उरलेल्या सत्तावीस मिनिटांत पाणी तसंच होतं. मग श्वास मोजले. अकराशे चौदापर्यंत गेले आणि मध्ये एक सुटला असावा अशी शंका आली, तेव्हा पहिल्यापासून सुरू केलं. तळ्यातले लून पक्षी ओरडतात ते म्हणे फार शांतवणारं असतं. असेल, पण ते ठरावीक अंतराने ओरडत नाहीत. मी तक्ता केला आहे, सोबत जोडते. दुपारपर्यंत आराम करून करून माझी मान धरली.

तेवढ्यात डॉकचा एक बोल्ट कुरकुरला. मावशी, मी पंचवीस मिनिटं हात मांडीखाली दाबून बसले होते, याची नोंद घे. मग फक्त तो एक घट्ट करायला उठले. तो घट्ट केल्यावर शेजारचा सैल वाटायला लागला, आणि संध्याकाळी भानावर आले तेव्हा तुझा अख्खा डॉक किनाऱ्यावर होता. सात भाग, चौऱ्याऐंशी बोल्ट, सगळे घासून, पुसून, लांबीप्रमाणे लावलेले. मी सकाळपासून जेवले नव्हते. पण डोक्यात इतकी शांतता होती की मीच दचकले. गेल्या दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

आता तुला सांगायला नको, आपल्याकडे डॉक ऑक्टोबरात पाण्याबाहेर निघतो, तळ्यावर बर्फ धरायच्या आधी. जुलैत तो बाहेर दिसला म्हणजे एकच अर्थ, तो वापरणारं माणूस आता उरलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला तुला गाडीत घालून नेताना सगळ्या तळ्याने पाहिलं होतं. पलीकडचा लोवेल ट्वाइट टोपी हातात घेऊन आला आणि (मला हेच त्याचं आवडतं) माझ्याकडे न बघता बोल्टांकडे बघत उभा राहिला.

"डॉक काढलास होय, पोरी."

"हो."

"म्हणजे व्हायचं ते झालं म्हणायचं."

मी नऊ वर्षांची असताना तू मला नियम घालून दिलास, की समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर मान खाली घालायची आणि 'हो ना' म्हणायचं. मी मान खाली घातली आणि 'हो ना' म्हणाले. तर मावशी, तू अशी वारलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेजाऱ्यांकडून ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशची नऊ भांडी आली, आठांवर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांचा थर आणि एकावर नूडल्स (ते नूडल्सवालं कुणाचं ते तू ओळखशीलच). मला वाटलं, शेजारी चांगले आहेत. मग सहा पुरुष आले, डॉकचे भाग शेडमागे रचले आणि माझे चौऱ्याऐंशी बोल्ट कॉफीच्या एका डब्यात ओतले. सगळे! लांबी न बघता! मी ओक्साबोक्शी रडले. ते पाहून लोवेलची बायको यूनिससुद्धा रडली.

शोकसभेत म्हणायला तुझं आवडतं स्तोत्र कोणतं, असं तिने विचारलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ताबडतोब खरं सांगितलं, "अहो, मावशी जिवंत आहे."

यूनिसने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आहेच गं बाई. आपल्या सगळ्यांच्या मनात आहे."

"मनात नाही, फार्गोत आहे!"

"हो गं, हो. जरा आराम कर."

तुझी (आणि तुझ्या नियमाचीही),
मार्लिस

ता. क. रविवारी अकरा वाजता चर्चच्या तळघरात तुझी शोकसभा आहे. हॅम सँडविच कोण किती आणणार याची यादी झाली आहे, तेव्हा रद्द करणं आता माझ्या हाताबाहेर आहे. तू स्वतः आलीस तर फार बरं होईल. मागच्या दाराने ये, तिथे पायऱ्या नाहीत.

आणखी ता. क. किल्ली परत घेऊ नकोस. पुढच्या उन्हाळ्यातही मला बोलाव, पण आराम करायला नको, कामाला बोलाव. 'आराम कर' असं कुणी म्हणत नव्हतं तो एकच दिवस मी माणसात होते. हे कागदावर लिहून डॉक्टरीणबाईंनाही पाठवलंय.

शेवटचं. काल छपराचा एक पत्रा वाऱ्याने वाजत होता. येताना मोठी ताडपत्री आण. शनिवारी पाऊस सांगितलाय.